माहेर रत्नागिरी, सासर कारवार

प्रश्न : माझे माहेर रत्नागिरीचे आणि सासर कारवारचे. लग्नाला सोळा वर्षे झाली, मुलगी सातवीत आहे, आम्ही सदाशिवगडला राहतो. दोन्ही शहरे समुद्रकाठची, दोन्ही जिल्ह्याची ठिकाणे, वस्तीही जवळपास सारखीच, त्यामुळे आमच्या घरी तुलना रोजचीच आहे. मी सवयीने 'आमच्या रत्नागिरीत असे असते' म्हणते, आणि यजमान विचारतात, 'मग निम्मी रत्नागिरी मुंबईला का गेली?' आजवर हे हसण्यावारी जात होते. गेल्या चतुर्थीला माझा भाऊ आमच्याकडे आला होता. तो जेवताना म्हणाला, 'कारवार महाराष्ट्रात असते, तर आज कुठच्या कुठे गेले असते. कर्नाटकाने याचे काय केले?' माझे सासरे कधी कोणाला उलट बोलत नाहीत; ते भरल्या पानावरून उठले. (त्यांचे मूळ घर अर्ग्याला होते, ते नौदलाच्या तळात गेले. पूर्वी ते रापणीवर जात.) त्या दिवसापासून त्यांनी माझ्या माहेरच्या कोणाचे नाव काढलेले नाही, आणि भाऊ म्हणतो, 'मी खोटे काय बोललो?' आता यजमानांना रत्नागिरीला बदली मागण्याची संधी आहे आणि अर्ज फेब्रुवारीअखेर द्यायचा आहे. दोन्हींपैकी खरोखर चांगले शहर कोणते, हे कोणा त्रयस्थाने सांगितले तर आमचा निर्णय सोपा होईल. आणि मला अजूनही माझे गावच अधिक आवडते, यात माझे काही चुकते आहे का?

— एक वाचक, सदाशिवगड

उत्तर : तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे. सासऱ्यांचे घर अर्ग्याला होते आणि ते तळात गेले, हे तुम्ही जाता जाता सांगता आणि लगेच बदलीकडे वळता. पण चतुर्थीच्या दिवशी पानावर काय झाले, याचे उत्तर त्या कंसातच आहे. म्हणून बदलीबद्दल मी नंतर लिहिणार आहे, आणि आधी अर्ग्याबद्दल.

कारवारच्या दक्षिणेला बिणगा, अर्गा, चेंडिया, आमदळ्ळी अशी एकाला लागून एक किनाऱ्याची गावे आहेत. 1986 मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते नौदलाच्या 'सीबर्ड' प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि त्या प्रकल्पासाठी या पट्ट्यातली सुमारे 11 हजार एकर जमीन घेतली गेली. हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. 31 मे 2005 रोजी 'आयएनएस कदंब' हा तळ नौदलात दाखल झाला, पुढे 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका तिथे राहू लागली, आणि देशाच्या संरक्षणात त्या तळाचे मोल किती आहे हे कारवारच्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. तरीही जमिनीच्या भरपाईसाठी तिथल्या लोकांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, आणि जी भरपाई मिळाली ती घराची आणि शेताची. रापणीवर जाणाऱ्याची मुख्य मालमत्ता सातबाऱ्यावर नसतेच. रापणीला लांब, मोकळी पुळण लागते : होडीतून जाळे अर्धगोल सोडून त्याची दोन्ही टोके काठावर आणायची, आणि मग गावातल्या माणसांनी दोन बाजूंना उभे राहून ते ओढायचे, त्यात ज्याचा त्याचा वाटा ठरलेला. पुळण कुंपणाच्या आत गेली की होडी आणि जाळे शाबूत असूनही तो धंदा संपतो, आणि त्या धंद्याभोवती जे गाव उभे असते तेही विखुरते.

आता त्या माणसाच्या जागी बसून भावाचे वाक्य पुन्हा ऐका. भावाने सरकारबद्दल प्रश्न विचारला, हे मला मान्य आहे, आणि त्याच्या मनात सासऱ्यांना दुखवायचे नसणार. परंतु ज्याने आपले घर, आपला किनारा आणि आपला वाटा देशासाठी म्हणून सोडला, त्याच्या कानी 'याचे काय केले' हे शब्द वेगळ्या अर्थाने पडतात. तुम्ही एवढे सगळे दिलेत आणि तरी तुमच्या शहराचे काहीच झाले नाही, असे कोणीतरी त्यांच्या घरी, सणाच्या दिवशी, त्यांच्या नातीसमोर बोलून दाखवले. माझ्या मते ते रागाने उठले नसावेत. ज्या गोष्टीवर त्यांच्याकडे उत्तर नाही, ती गोष्ट पाहुण्यासमोर सोसत बसणे त्यांना शक्य झाले नसावे. अर्थात मी त्यांना ओळखत नाही. तुम्ही सोळा वर्षे ओळखता, तेव्हा माझा अंदाज तुमच्या अनुभवावर घासून पाहा.

'मी खोटे काय बोललो' या भावाच्या प्रश्नाचेही उत्तर द्यायला हवे, कारण तो तो प्रश्न मनापासून विचारत आहे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि कारवार ही दोन्ही शहरे पाऊण लाखाच्या जरा वर होती. जिल्ह्यांचीही मापे फार दूर नाहीत : रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 15 हजार, कारवार ज्याचे ठिकाण आहे त्या उत्तर कन्नड जिल्ह्याची सुमारे 14 लाख 37 हजार. पण 2001 ते 2011 या दहा वर्षांत उत्तर कन्नडची लोकसंख्या वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास पाच टक्क्यांनी घटली. रत्नागिरी महाराष्ट्रात आहे, महाराष्ट्राच्या स्थापनेपासून आहे, आणि तरीही तिची माणसे तिथे टिकली नाहीत. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, आणि हा आकडा पाहून आनंद मानण्याचे कारण नाही, कारण त्यातले न मोजले गेलेले पुरुष मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात होते. राज्य कोणते, एवढ्यावर जर किनाऱ्यावरच्या गावाचे नशीब ठरत असते, तर तुमच्या माहेरच्या आळीतली अर्धी घरे गणपती आणि शिमगा सोडून वर्षभर बंद दिसली नसती. भावाचे विधान लबाडीचे नव्हते, पण ते सिद्ध होण्यासारखेही नव्हते, आणि जे सिद्ध होत नाही ते दुसऱ्याच्या पानावर बसून ठामपणे सांगू नये, इतके तरी त्याने मानावे.

इथे यजमानांनाही एक शब्द सांगावा लागेल. 'निम्मी रत्नागिरी मुंबईला का गेली' हा त्यांचा नेहमीचा प्रश्न त्यांना थट्टेचा वाटतो, पण त्या प्रश्नाच्या मागे मनीऑर्डरची वाट पाहत आयुष्य काढलेल्या बायका आहेत, चाळीच्या एका खोलीत आठ-दहा जणांनी काढलेली वर्षे आहेत, आणि तुमच्या घराण्यातही अशी माणसे असणारच. अर्ग्याचे दुःख एका अधिसूचनेने एकदाच आले आणि रत्नागिरीचे तीन-चार पिढ्यांमध्ये हळूहळू झिरपले, एवढाच त्यांत फरक. दोन्ही बाजूंनी तुम्ही इतकी वर्षे एकमेकांच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवत आला आहात, आणि विनोदाच्या आवरणामुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

'कारवार महाराष्ट्रात असते तर' या वाक्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ते वाक्य केवळ तुमच्या भावाचे नाही. 1862 मध्ये उत्तर कानडा (आजचा उत्तर कन्नड) जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि 1956 पर्यंत तिथेच राहिला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे रत्नागिरी आणि कारवार ही एकाच इलाख्याची दोन किनारी ठाणी होती, त्यांचे साहेब मुंबईहून नेमले जात आणि त्यांची मुले नोकरीसाठी मुंबईकडेच पाहत. 1956 च्या पुनर्रचनेत कारवार त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. महाराष्ट्राने बेळगाव आणि निपाणीबरोबर कारवारवरही हक्क सांगितला, 1966 मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षीच्या अहवालात कारवारवरचा तो हक्क मान्य केला नाही, महाराष्ट्राने तो अहवाल स्वीकारला नाही, आणि 2004 मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या साऱ्या काळात कारवारच्या लोकांचे मत एक कधीच नव्हते. काहींना महाराष्ट्र हवा होता, काहींना कर्नाटकात सुख वाटले, काहींची ओढ गोव्याकडे राहिली. आणि अखिल भारतीय कोंकणी परिषदेचा जन्म 1939 मध्ये कारवारातच झाला, हे दोन्ही बाजूंचे लोक वाद घालताना सोयीस्करपणे विसरतात. ज्या शहराने स्वतःच्या भाषेसाठी एवढे केले, त्या शहरातल्या वडीलधाऱ्या माणसाला 'तुम्ही खरे तर आमचे' असे बाहेरून येऊन सांगणे त्याला मानाचे वाटेलच, असे रत्नागिरीकराने गृहीत धरू नये. तुमच्या सासऱ्यांचे या बाबतीत मत काय आहे, हे भावाने विचारले होते का? तुमच्या पत्रावरून तरी तसे दिसत नाही.

ही दोन शहरे इतकी झोंबून तुलना का करतात, याचा मी पुष्कळ विचार केला. रत्नागिरीचा माणूस पुण्याशी तुलना करून दुखावला जात नाही आणि कारवारचा माणूस बंगळूरुशी तुलना करून दुखावला जात नाही, कारण तिथे हार-जीत आधीच ठरलेली असते. दुखते ते आपल्याच उंचीच्या माणसाशी. दोघांनाही खाडी आहे, दोघांनाही किल्ला आहे, इकडे रत्नदुर्ग आणि तिकडे सदाशिवगड; दोघांची रेल्वे स्थानके गावाबाहेर, एकाचे कुवारबावला आणि दुसऱ्याचे शिरवाडला; दोघांच्या बंदरांत खारवी आणि गाबीत समाजाची माणसे, दोघांच्या घाटमाथ्यावर दुसरेच हवामान आणि दुसरीच बाजारपेठ. इतके साम्य असले की उरलेला एखादा फरक दैवाचा किंवा अन्यायाचा वाटू लागतो. शेजारच्या सख्ख्या जावेला मिळालेली साडी डोळ्यांत खुपते, तसेच हे आहे.

आणि दोघांच्याही वाट्याला ताटकळणे सारखेच आले आहे. 1867 ते 1874 या काळात कारवारहून हुबळीपर्यंत रेल्वे येणार, अशी हवा होती; त्या आशेवर कारवारात जमिनीचे भाव चढले, वखारी आणि घरे बांधली गेली, आणि मग ती योजना बारगळली. पुढे रेल्वे आली ती पोर्तुगीज हद्दीतल्या मुरगावला, आणि कर्नाटकाच्या पठारावरचा माल तिकडे वळला. आजही हुबळी-अंकोला मार्ग सह्याद्रीच्या जंगलावरून वादात अडकून आहे. रत्नागिरीकरांनी यावर हसू नये, कारण कोल्हापूरला कोकणाशी जोडणारा वैभववाडीचा मार्ग मंजूर होऊनही अजून झालेला नाही, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची कथा तुमच्या भावाला मी सांगण्याची गरज नाही. कोकण रेल्वे मात्र दोघांनाही एकाच वेळी पावली. 26 जानेवारी 1998 रोजी तिच्या पूर्ण मार्गावरून गाड्या धावू लागल्या, आणि त्यामुळेच तुमच्यासारखी स्थळे जुळू लागली असावीत, असे मला वाटते.

ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि तो 1916 मध्ये तिथेच वारला. सावरकरांना 1924 पासून 1937 पर्यंत त्याच जिल्ह्यात स्थानबद्ध केले. मुख्य वाटांपासून दूर असणे, ही रत्नागिरीची त्या काळातली 'पात्रता' होती. आपण आज थिबा पॅलेस आणि पतित पावन मंदिर पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो, आणि ते योग्यच आहे, पण ती दोन्ही स्थळे रत्नागिरीच्या एकटेपणाचीही खूण आहेत. कारवारचे भाग्य या बाबतीत थोडे निराळे : सत्येंद्रनाथ टागोर तिथे न्यायाधीश असताना तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहायला आले, काळी नदीच्या मुखाशी रमले, आणि एक नाटक तिथे लिहून गेले. त्यांच्या नावाचा किनारा तुम्हाला रोज दिसतो. हे मी एवढ्यासाठी सांगतो आहे की दोन्ही गावांकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि एकाचे सांगताना दुसऱ्याचे खाली पाडावे लागत नाही.

यातूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. तुम्हाला तुमचे गाव अधिक आवडते, यात तुमचे काहीही चुकत नाही. सोळा वर्षे झाली म्हणून भाट्याची खाडी, मांडवीची संध्याकाळ, पांढऱ्या समुद्राकडची वाट विसरायला हवी, असा कोणताही नियम नाही, आणि सासरी राहणाऱ्या बाईला आपल्या माहेराबद्दल मोकळेपणाने बोलता येत नसेल तर तो त्या घराचा दोष आहे. तरी तुमच्या बोलण्याचा एक धागा तुम्हीच तपासा. 'आमच्या रत्नागिरीत असे असते' हे तुमचे वाक्य पत्रात तिथेच थांबते, पण घरात ते बहुधा तिथे थांबत नसावे. पुढे 'इथे कुठे' किंवा 'तुमच्याकडे तसे नाही' हे येत असेल, कधी शब्दांत, कधी स्वरात. तो दुसरा भाग सोडून द्या आणि पहिला भाग वाढवा. आमच्या आळीत मे महिन्यात आंब्याची अढी कशी लावत, घरभर वास कसा असे, पेट्या भरताना कोण काय करी, हे सगळे सविस्तर सांगा. मग सासरेही अंकोल्याच्या करी ईशाडबद्दल सांगतील, आणि त्या आंब्यालाही 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, जसे हापूसला 2018 मध्ये मिळाले. दोन आंब्यांच्या गोष्टी एका पडवीत सुखाने नांदू शकतात. त्यांचा सामना लावला की मात्र कोणीतरी पान सोडून उठते.

आता बदली. चांगले शहर कोणते, हे मी सांगणार नाही. मला मत नाही म्हणून नव्हे. माझे मत तुमच्या घरात शस्त्रासारखे वापरले जाईल, ते जिच्या बाजूने पडेल ती व्यक्ती पुढची दहा वर्षे ते उगारत राहील, आणि तुमच्या निर्णयाला त्याचा काडीचाही उपयोग होणार नाही. शहर चांगले की वाईट, हा प्रश्न तुमच्यासमोर नाहीच. तुमच्या कुटुंबातल्या माणसांचे पुढच्या सात-आठ वर्षांत काय होईल, हा प्रश्न आहे, आणि त्याचा विचार करताना मी पहिल्यांदा मुलीकडे पाहीन.

ती जूनमध्ये आठवीत जाईल. आतापर्यंत तिचे शिक्षण कर्नाटकात झाले आहे, आणि तिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य कोट्यासाठी सर्वसाधारण नियम असा आहे की विद्यार्थ्याने किमान सात वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे आणि दहावी किंवा बारावी तिथूनच उत्तीर्ण झालेले असावे. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून आणि शिवाय अधिवासाचा दाखला, अशी अट असते. काही गटांना सवलती आहेत. म्हणजे दहावी कारवारला आणि बारावी रत्नागिरीला, हा मधला मार्ग दिसायला सोयीचा असला तरी मुलीला वैद्यकीय शाखेची इच्छा असेल तर त्यात महाराष्ट्राचा राज्य कोटा हातचा जाऊ शकतो. जायचे असेल तर आठवीच्या सुरुवातीला जा, नाहीतर बारावी कारवारलाच होऊ द्या. हे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून दोन्ही राज्यांच्या प्रवेश परीक्षा कक्षांच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तिका यजमानांनी स्वतः वाचाव्यात, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये, माझ्याही नाही. महाराष्ट्रात आता सर्व शाळांत मराठी सक्तीचे आहे. तुमची मुलगी घरी तुमच्याशी मराठी बोलत असेल आणि हिंदीमुळे देवनागरी तिला येत असेल, तर हे तिला जड जाणार नाही. कन्नड मात्र सुटेल, आणि सोडलेली भाषा तेराव्या वर्षानंतर किती टिकते हे तुम्ही जाणता. तिला स्वतःला काय वाटते, हे पत्रात कुठेच नाही. तिला विचारा.

दवाखान्याचा विचार दुसरा. उत्तर कन्नडमध्ये सुसज्ज बहुविशेषता रुग्णालय व्हावे म्हणून लोक किती वर्षे मागणी करत आहेत, हे तुम्ही तिथे राहून पाहतच आहात. कारवारात वैद्यकीय महाविद्यालय असूनही गंभीर रुग्णाला गोव्यात बांबोळीला, मणिपालला किंवा हुबळीला न्यावे लागते. रत्नागिरीतही 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, पण अवघड दुखण्यात तिथला माणूस अजून आंबा घाट चढून सुमारे 130 किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जातो. तेव्हा या बाबतीत दोन्ही पारडी जवळपास सारखी आहेत, आणि सदाशिवगडहून बांबोळी तुम्हाला उलट जवळ आहे, शंभर किलोमीटरच्या आत. काळी नदीवरचा जुना पूल 7 ऑगस्ट 2024 च्या मध्यरात्रीनंतर कोसळला तेव्हा पलीकडे कारवारात जाण्याचा प्रश्न कसा उभा राहिला, हे तुमच्या घराने अनुभवले असेल. तो अनुभवही हिशेबात धरा.

बाकी यजमानांचा हुद्दा, घरभाडे, तुमची स्वतःची नोकरी किंवा काम, हे सगळे तुम्ही माझ्यापेक्षा नीट मोजाल. तुमच्याबद्दल पत्रात फक्त माहेर आहे, काम नाही. तुम्ही काही करत असाल तर ते बदलीच्या चर्चेत पहिल्या दिवसापासून असू द्या.

राहता राहिले सासरे, आणि खरे तर निर्णयाचा सर्वांत अवघड भाग तोच आहे. ज्या माणसाला एकदा गाव सोडावे लागले, त्याला म्हातारपणी पुन्हा उठवण्याचा विचार करताना फार जपून पावले टाकावी लागतात. ते तुमच्याबरोबर येतील, असे धरून चालू नका. ते येणार नाहीत, असेही धरू नका. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदर आहे, माशांची बोली आहे, त्यांना ओळखीचा वाटेल असा समुद्र आहे, त्यामुळे पठारावरच्या एखाद्या शहरात गेल्यासारखे त्यांना वाटणार नाही. पण चतुर्थीचा प्रसंग मिटल्याशिवाय हा विषय काढलात, तर बदलीचा अर्ज त्यांना भावाच्या त्या वाक्याचाच पुढचा भाग वाटेल : कारवारचे काही झाले नाही, म्हणून सून आणि मुलगा निघाले.

म्हणून आधी भाऊ. त्याने फोनवर 'चुकले असेल तर माफ करा' एवढे म्हणून भागणार नाही; 'असेल तर' हे शब्द ज्याला दुखले त्याच्यावरच शंका घेतात. त्याने यावे. कूर्मगड बेटावरच्या नरसिंहाची जत्रा जानेवारीत पौष पौर्णिमेला असते, कारवारहून होड्या जातात, आणि त्या दिवशी समुद्र जाणणारा माणूस घरात सर्वांत मानाचा असतो. भावाला त्या जत्रेला बोलवा, आणि बेटावर कसे जायचे, कोणत्या होडीने जायचे, हे सासऱ्यांना ठरवू द्या. परत आल्यावर भावाने अर्ग्याबद्दल विचारावे, आणि मध्ये न बोलता ऐकावे. रापणीत किती जण असत, पहिला मासा कोणाच्या घरी जाई, घर कसे होते, उठावे लागले तेव्हा काय काय बरोबर घेतले : एवढे जरी सासऱ्यांनी सांगितले, तरी त्यांना समजेल की समोरच्या माणसाला आता ठाऊक आहे. 'पण सरकारने' असे काही भावाच्या तोंडी येऊ लागले तर तुम्ही त्याला थांबवा. मोठी बहीण असाल तर अधिकाराने, धाकटी असाल तरी थांबवा. सासऱ्यांनी बोलणे टाळले, तर भावाने तेही मान्य करावे आणि न रागावता परत जावे. येणे हीच त्याची बाजू होती, आणि ती त्याने पार पाडलेली असेल.

तुम्ही सोळा वर्षांत अर्ग्याची ती जागा पाहिली आहे का, हे मला माहीत नाही. महामार्ग तळाच्या भिंतीला लागून जातो. एखाद्या रविवारी तुम्ही दोघे मुलीला घेऊन तिथून जा, आणि घर साधारण कुठे होते ते यजमानांना दाखवू द्या. सासऱ्यांना या वेळी नेऊ नका, त्यांनी स्वतः म्हटले तरच न्या.

जत्रा जानेवारीत आहे आणि अर्ज फेब्रुवारीअखेर, तेव्हा मधले चार-पाच आठवडे तुमच्या हाती राहतील. त्या काळात मुलीच्या प्रवेशाचे नियम पाहून घ्या, रत्नागिरीत दोन शाळांत जाऊन आठवीच्या जागांची चौकशी करा, आणि दाखला मागण्याची घाई करू नका. मग एके संध्याकाळी यजमानांनी आणि तुम्ही मिळून सासऱ्यांना सरळ विचारा की बदली मागावी असा विचार आहे, तुमचे काय म्हणणे आहे. हे कोंकणीत विचारा, जी भाषा ते घरी बोलतात, आणि विचारताना रत्नागिरीचे एकही कौतुक करू नका. ते 'जा' म्हणाले तरी त्याच दिवशी ते अंतिम धरू नका. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. ते 'येणार नाही' म्हणाले, तर त्यांच्याजवळ कोण राहील, आठवड्याला कोण येईल, औषधे कोण आणील, हे ठरल्याशिवाय यजमानांनी अर्जावर सही करू नये.